अंतर, वसतिगृह आणि सायकल

शिक्षणाच्या इतिहासाचा अभ्यास करताना आपण शाळा, शिक्षक आणि कायदे यांचा विचार करतो. घर आणि शाळा यांमधील अंतराचा विचार मात्र क्वचितच करतो. शाहूवाडीसारख्या डोंगराळ, मुसळधार पावसाच्या तालुक्यात हे अंतर शिक्षणातील मोठा अडथळा ठरत आले आहे. लहान वाड्यावस्त्यांतील मुलांना माध्यमिक शिक्षणासाठी मलकापूर, बांबवडे अशा मोठ्या गावांची वाट धरावी लागते. एसटी चुकली की शाळेचा दिवस बुडतो; आणि असे दिवस वाढू लागले की प्रथम मुलीची शाळा सुटते.

या अंतरावर कोल्हापूरच्या भूमीत शोधलेले एक मोठे उत्तर म्हणजे वसतिगृह. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. पुढे १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. आपले निवासी विद्यालयही याच विचाराचे वारसदार आहे. तथापि प्रत्येक मुलामुलीस वसतिगृहात जागा मिळणे शक्य नसते. जे घरी राहून शिकतात, त्यांच्यासाठी दुसरे उत्तर सायकलीचे आहे.

१८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी सारख्या आकाराची दोन चाके आणि साखळी असलेली सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर तयार केला. तेव्हापासून उंच चाकावरचा धाडसी खेळ हा सामान्य माणसाचे वाहन बनला. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासास निघाले. त्यांपैकी तिघांनी १९२८ मध्ये तो पूर्ण केला. पुणे तर एके काळी सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी खडतर शर्यत पूर्ण केली आणि महाराष्ट्रातील सायकलप्रेमास नवी उभारी मिळाली.

हे सारे अभिमानास्पदच आहे. परंतु ग्रामीण भागात सायकल संस्कृतीचे खरे माप शर्यतीत नसून शाळेच्या वाटेवर आहे. तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत सायकल शिकणे हा अक्षरओळखीचाच भाग मानला गेला आणि हजारो ग्रामीण स्त्रिया सायकलीवर बसल्या. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी रक्कम देण्यात आली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली, आणि ही वाढ प्रामुख्याने शाळेपासून दूर असलेल्या गावांत झाली. याचे गणित सोपे आहे : पाच किलोमीटर चालण्यास तास लागतो, सपाट रस्त्यावर सायकलीने तेच अंतर पंचवीस मिनिटांत कापता येते.

आपल्याकडे चढउतार आहेत हे खरे. चढावर उतरून सायकल हाती धरून चालण्यात कमीपणा नाही. उतारावर दोन्ही ब्रेक बेताने, एकदम न दाबता, वापरावेत. ओल्या रस्त्यावर वेग आधीच कमी करावा. पंक्चर काढणे, साखळीस तेल देणे, ब्रेक तपासणे हे शाळेत शिकवले पाहिजे. कारण बिघडलेली सायकल पडवीत पडून राहते आणि मुलगी पुन्हा घरी बसते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांस आमची विनंती आहे : घरी पडून असलेली सायकल दुरुस्त करून आपल्या गावातील गरजू विद्यार्थिनीस द्यावी. पालकांनी मुलाच्या मोटारसायकलीच्या हट्टाआधी मुलीच्या सायकलीचा विचार करावा. ग्रामपंचायतींनी शाळेच्या वाटेवरील खड्डे पावसाळ्यापूर्वी बुजवावेत. तीन-चार मुली एकत्र निघाल्या की पालकांची काळजी कमी होते आणि पाहणाऱ्या धाकट्या मुलींनाही धीर येतो. वसतिगृहाने मुलाला शाळेजवळ आणले. सायकलीने शाळा मुलीच्या आवाक्यात यावी, एवढेच आमचे मागणे आहे.