अलार्म वाजला, आता काय करायचं?



आपल्या देवळी तालुक्यात कवठा झोपडीच्या बाया सोलर पॅनल बनवतात. मग कंट्रोलरचा अलार्म लावणं आपल्याला का नाही जमणार?

एका गटात पाहिलं, अलार्मचा आवाजच बंद! "शिलाई मशीन सुरू केली की रोज बोंबलते, मॅडम." आवाज बंद झाला आणि बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी होत गेली. बॅटरी गेली, कर्जाचा हप्ता मात्र सुरूच आहे.

चूक कुठं झाली? १२ व्होल्टची पाण्याची बॅटरी पूर्ण भरली की काही न चालवता साधारण १२.७ दाखवते. अर्धी संपली की १२.१ च्या आसपास. मशीन सुरू होताना आकडा क्षणभर घसरतो, लगेच वर येतो. तेवढ्यानं बॅटरी संपत नाही.

म्हणून तीन गोष्टी भरा:

१. अलार्म कधी वाजेल: मशीन चालू असताना ११.८ व्होल्ट.

२. किती वेळ थांबून वाजेल: ५ मिनिटं. क्षणाच्या घसरणीला वाजणार नाही.

३. कधी थांबेल: १२.५ व्होल्ट. दोन्ही आकडे जवळ ठेवले तर सारखा वाजेल-थांबेल.

बॅटरीच्या पुस्तिकेत वेगळे आकडे असतील तर तेच धरा. लिथियम बॅटरीला हे आकडे चालत नाहीत.

आता कंट्रोलरजवळ कागद चिकटवा: वाजला की मशीन बंद करायची, वहीत तारीख-वेळ लिहायची. ही जबाबदारी कोणत्या ताईची, ते येत्या बैठकीत ठरवा.