फरशीची निवड

घर बांधताना सिमेंट आणि लोखंड यांचा हिशेब बारकाईने केला जातो. फरशी मात्र पुष्कळदा दुकानातील चकाकी पाहून ठरते. भिंतीचा रंग काही वर्षांनी सहज बदलता येतो, पण एकदा बसवलेली फरशी उखडणे हे खर्चाचे आणि त्रासाचे काम असते.

महाराष्ट्रातील जुन्या घरांत शहाबादी फरशी जागोजागी आढळते. ती कर्नाटकातील शहाबाद परिसरातून येते. राजस्थानातील कोटा आणि आंध्र प्रदेशातील कडप्पा ही नावेही अशीच स्थानांवरून दगडांना चिकटली आहेत. हे तिन्ही दगड चुनखडकाचे. संगमरवरही मूळचा चुनखडकच. पृथ्वीच्या पोटातील उष्णता आणि दाब यांमुळे त्याचे रूपांतर झालेले असते. या सर्वांत कॅल्शियम कार्बोनेट हा मुख्य घटक असल्यामुळे आम्लाशी त्यांचे वैर असते. लिंबाचा रस किंवा फरशी धुण्याचे अ‍ॅसिड सांडले, की झिलई जाऊन तेथे निस्तेज डाग उमटतो. तो घासून निघत नाही. कारण वर काही लागलेले नसते, दगडच झिजलेला असतो. ज्या ओट्यावर रोज लिंबू कापले जाते आणि चिंच कोळली जाते, तेथे संगमरवर टिकत नाही, मग तो ताजमहालाला दगड पुरवणाऱ्या मकराण्याच्या खाणीतला का असेना! ग्रॅनाईटमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही कठीण खनिजे असतात. त्यावर अशा पदार्थांचा सहसा परिणाम होत नाही.

दुकानदाराकडून दगडाचा लहान तुकडा मागून घ्यावा. त्यावर लिंबाच्या रसाचा थेंब रात्रभर ठेवला, की चुनखडक आपली जात सांगतो. पाण्याच्या थेंबाखालचा भाग काही मिनिटांत गडद झाला, तर तो दगड पाणी शोषतो आणि तेल-हळदीचे डागही धरतो. काळा ग्रॅनाईट कधीकधी रंगवूनही विकला जातो. नखांचा रंग काढण्याच्या द्रवात भिजवलेला कापूस त्यावर घासून काळा झाला, तर तसा दगड घेऊ नये.

टाइलच्या बाबतीत पाणी शोषण्याचे प्रमाण महत्त्वाचे. व्हिट्रिफाईड टाइलमध्ये ते ०.५ टक्क्याहून अधिक नसते. भिंतीच्या साध्या टाइलमध्ये १० टक्क्यांहून अधिक असू शकते. अशी भिंतीची टाइल जमिनीवर वजनाने फुटते. न्हाणीघरात तर गुळगुळीत टाइल टाळावीच. साबणाच्या पाण्यावरून पाय घसरून म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले, तर फरशीत वाचवलेल्या पैशाच्या कित्येक पट खर्च होतो, आणि चालणे पुन्हा पूर्ववत होईलच असे नाही. तेथे खरखरीत पृष्ठभागाची टाइल किंवा पॉलिश न केलेला कोटा बसवावा.

ग्रॅनाईट किंवा टाइल कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास कारागिराला सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग जडतो. म्हणून पात्यावर पाण्याची धार सोडूनच कापणी करून घ्यावी आणि कारागिराला योग्य मुखपट्टी मिळेल असे पाहावे. टाइलच्या सर्व खोक्यांवरील छटेचा क्रमांक एकच असल्याची खात्री करावी, आणि काम संपल्यावर पाचसहा टाइल माळ्यावर राखून ठेवाव्यात. पुढे एखादी फुटली, तर त्याच छटेची टाइल बाजारात मिळणे कठीण असते.