खरखरीत चांदीचे कोडे

मोरचुदाच्या द्रावणात तांब्याच्या दोन पट्ट्या बुडवून त्यांतून वीज सोडण्याचा प्रयोग तुम्ही शाळेत केला असेल. एक पट्टी झिजते, दुसरीवर तांबे साचते. पण धातू आणि द्रावण जेथे भेटतात, त्या अगदी पातळ थरात रेणू काय करतात, हे प्रयोग चालू असताना कसे पाहावे?

प्रत्येक रेणूची कंपने ठरावीक असतात. तीच त्याची ओळख. अवरक्त किरणांनी ती ओळखता येतात, परंतु ते किरण पाणीच शोषून घेते. दुसरा मार्ग रामन परिणामाचा. रेणूंनी विकिरित केलेल्या प्रकाशापैकी काही प्रकाशाची तरंगलांबी रेणूंच्या कंपनांनुसार बदलते, हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात दाखविले. पाणी येथे फारसे आड येत नाही. मात्र हा बदललेला प्रकाश अतिशय क्षीण असतो. एका रेणूएवढ्या जाडीच्या थरातून तो कितीसा मिळणार?

१९७४ मध्ये इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन, हेंड्रा व मॅकक्विलन यांनी साधी युक्ती केली. द्रावणातील चांदीच्या विद्युतअग्राचा विद्युतदाब पुनःपुन्हा उलटसुलट करून त्यांनी त्याचा पृष्ठभाग खरखरीत केला. क्षेत्रफळ वाढले, की जास्त रेणू चिकटतील, हा विचार. चांदीला चिकटलेल्या पिरिडिनच्या रेषा वर्णपटात स्पष्ट उमटल्या. विद्युतदाब बदलताच त्याही बदलल्या!

आता हिशेब करा. क्षेत्रफळ समजा दहापट वाढले, तर प्रकाशही दहापटच वाढावा. १९७७ मध्ये अमेरिकेत जीनमेअर व व्हॅन ड्यून यांनी आणि इंग्लंडमध्ये अल्ब्रेख्ट व क्राइटन यांनी स्वतंत्रपणे हा ताळा पाहिला. वाढ लाखाच्या घरात होती!

याचे मुख्य कारण चांदीतील मुक्त इलेक्ट्रॉन. झोक्याला योग्य वेळी हलके धक्के दिले, तर तो उंच जातो. त्याप्रमाणे योग्य रंगाचा प्रकाश सूक्ष्म उंचवट्यांतील इलेक्ट्रॉनांना आंदोलित करतो आणि तेथील विद्युतक्षेत्र तीव्र होते. समजा, ते १८ पट झाले. प्रकाशाची तीव्रता क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ती ३२४ पट होईल. रेणूकडून परतणाऱ्या प्रकाशालाही जवळजवळ तेवढाच लाभ मिळतो. ३२४ ला ३२४ ने गुणून पाहा: १,०४,९७६!

आज याच पद्धतीने विद्युतघटांतील व गंजणाऱ्या धातूंवरील रासायनिक क्रिया चालू असतानाच अभ्यासता येतात. साउदॅम्प्टनचा प्रयोग अचूक होता, अपुरे होते ते स्पष्टीकरण. तेव्हा प्रयोग साधला, तरी वही लगेच मिटू नका, ‘किती पट?’ हा प्रश्न विचारून ताळा जरूर करून पाहा.