धुक्यातील धावपट्टी

नांदेड येथील श्री गुरु गोबिंदसिंगजी विमानतळाचे २००८ साली गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने नूतनीकरण झाले. लातूर येथेही विमानतळ आहे. तथापि, पहाटेचे धुके किंवा पावसाळ्यात खाली उतरलेले ढग यांमुळे धावपट्टी असूनही ती वैमानिकास दिसेलच, असे नाही. ही अडचण कमी करणाऱ्या साधनांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात विमानाच्या अग्रभागी बसविलेला कॅमेरा वस्तूंतून निघणारे अवरक्त, म्हणजेच उष्णतेचे, किरण टिपतो. त्यांचे चित्र वैमानिकाच्या डोळ्यांसमोरील पारदर्शक काचेवर उमटते. धावपट्टी व भोवतालची माती यांच्या तापमानातील अल्प फरकही त्यात दिसतो. गल्फस्ट्रीम विमानांवरील अशा प्रणालीस अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळाली. अंधार, धूर व विरळ धुके यांत ती उपयुक्त ठरते. दाट धुक्यातील जलकण मात्र या किरणांनाही अडवितात.

दुसऱ्या प्रकारात कॅमेरा नसतो. उपग्रहांच्या साहाय्याने विमानाचे स्थान निश्चित होते आणि संगणक साठविलेल्या माहितीवरून डोंगर, मनोरे व धावपट्टी पडद्यावर रेखाटतो. इस्रो व भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी विकसित केलेल्या ‘गगन’ प्रणालीमुळे स्थाननिश्चिती अधिक अचूक होते. तिच्या आधारे एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ या लहान विमानतळावर प्रवासी कंपनीचे विमान चाचणीदाखल उतरविण्यात आले. अवतरणासाठी जमिनीवर खर्चिक यंत्रणा नसलेल्या विमानतळांना हा अनुभव मार्गदर्शक आहे.

परंतु विमानातील यंत्राची दृष्टी जमिनीवरील दक्षतेवर अवलंबून असते. एलईडी दिवे विजेची बचत करतात. पण ते फारशी उष्णता बाहेर टाकत नसल्याने जुन्या अवरक्त कॅमेऱ्यांना दिसत नाहीत. धावपट्टीचे दिवे बदलताना याचा विचार व्हावयास हवा. तसेच नोंद नसलेला मनोरा पडद्यावरही उमटत नाही. केंद्र शासनाच्या २०१५ च्या नियमांनुसार विमानतळ परिसरातील ठरावीक उंचीवरील बांधकामास ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. मोबाईल मनोरा किंवा उंच टाकी यांस परवानगी देताना ग्रामपंचायतीने हे प्रमाणपत्र आग्रहपूर्वक पाहावे.

अखेरचा निर्णय अर्थात वैमानिकाचाच. ठरलेल्या उंचीपर्यंत आवश्यक खुणा न दिसल्यास विमान पुन्हा वर नेणे हाच नियम होय. अशा वेळी झालेला विलंब प्रवाशांनी व स्वागतास जमलेल्यांनीही समजून घ्यावा.