पाडव्यापर्यंत फक्त लिहा

॥ श्री ॥

मल्लेश्वरम, बेंगळुरू
२८ डिसेंबर २०२५

चि. सौ. चिऊस,


तुझी नव्या वर्षाची यादी मिळाली. वर्षात पाच लाख शिल्लक टाकायचे, बाहेरचं खाणं बंद, कॅब बंद, दहा मिनिटांत सामान आणून देणारी सगळी अॅप फोनमधून काढून टाकायची. तुम्ही दोघांनी एकत्र बसून हे लिहिलंत याचा मला फार आनंद झाला. लग्नाला वर्ष होत असताना पैशाबद्दल मोकळेपणाने बोलणारी जोडपी मी थोडीच पाहिली आहेत, आणि बँकेच्या काउंटरमागे जन्म गेल्यामुळे तशी जोडपी पाहायची संधी मला पुष्कळ होती. तरीही सांगते, ही यादी १ जानेवारीपासून अमलात आणू नका. पाडवा १९ मार्चला आहे. तोवर काहीही बंद करू नका, फक्त लिहा.

कारण असं की पाच लाख हा आकडा तुम्ही पगारावरून काढलाय, खर्चावरून नाही. खर्च तुम्हाला माहीतच नाही. तुझ्या आजीच्या घरी कालनिर्णयच्या चौकटीत दुधाचा हिशोब असे, वाण्याची वही वेगळी असे, आणि महिनाअखेरीला दोन्ही समोर ठेवून बेरीज होई. तुमचे पैसे फोनवरून जातात. बँकेच्या उताऱ्यावर नुसत्या दुकानदारांच्या आणि कंपन्यांच्या नावांच्या ओळी दिसतात. त्या दिवशी काय घेतलं, कशासाठी घेतलं, हे महिन्याने आठवत नाही. म्हणून रात्री जेवण झालं की पाच मिनिटं, आणि दोघांनी. तू लिहायचं आणि जावईबापूंनी विचारायचं असं नको, नाहीतर एक जण हिशोबनीस होतो आणि दुसरा आरोपी. अडीच महिन्यांत संक्रांत येईल, पुण्याची एखादी फेरी होईल, कुणाच्या लग्नाचा आहेर होईल, म्हणजे घराचा खरा खर्च डोळ्यांसमोर येईल. शिवाय बेंगळुरूत बरेच दर १ एप्रिलला बदलतात. या वर्षी त्या दिवसापासून नंदिनीचं दूध लिटरमागे चार रुपयांनी महागलं, विजेचे नवे दर लागू झाले, आणि २०१४नंतर पहिल्यांदा पाण्याचा दरही त्याच महिन्यात वाढला. तुमची पगारवाढही एप्रिलचीच. तेव्हा घराचं अंदाजपत्रक करायला पाडवाच योग्य.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते. खर्च कमी झाला म्हणजे बचत झाली असं समजू नकोस. खात्यात पडून राहिलेला पैसा पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कशावर तरी जातो, आणि वर्षअखेरीस आपण काटकसर केली एवढंच आठवतं, शिल्लक दिसत नाही. वाचलेला पैसा वाचला त्याच दिवशी घरातून बाहेर गेला पाहिजे, आणि कुठे जायचं ते आधीच ठरलेलं पाहिजे. साताऱ्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हांनी १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू केली. पहिल्यांदा परवाना नाकारला गेला, कारण प्रवर्तक बायकांमधल्या कित्येक जणी अंगठा उठवणाऱ्या होत्या. त्या लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि परवाना घेऊन आल्या. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची पुढची गोष्ट. बँकेत यायचं म्हणजे त्या दिवसाचा रोजगार बुडवायचा, हे ओळखून ही बँक बायकांच्या दारापर्यंत आणि बाजारापर्यंत गेली. हातात आलेली रक्कम घरी पोचण्याआधी खात्यात पडू लागली. म्हसवडच्या भाजीवालीला जे लागतं तेच आऊटर रिंग रोडवर नोकरी करणाऱ्यांनाही लागतं. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळती होणारी आवर्ती ठेव, एवढीच ती व्यवस्था. आणि प्रत्येक ठेवीला नाव द्या: ‘सहा महिन्यांचा खर्च’, ‘आईबाबांचं येणंजाणं’, ‘नवं घर’. नाव असलेली ठेव मोडताना हात थांबतो, हे मी काउंटरवर पुष्कळदा पाहिलं आहे.

तुझ्या यादीत कॉफी आहे, कॅब आहे, पण भाड्याच्या घराचा उल्लेखही नाही, आणि तुमचा सर्वांत मोठा खर्च तोच. बेंगळुरूची जुनी रीत दहा महिन्यांच्या अनामतीची. तुमचं भाडं ४० हजार, म्हणजे चार लाख रुपये घरमालकाकडे बिनव्याजी पडून आहेत. साडेसहा टक्क्यांनी धरलं तरी वर्षाला २६ हजारांचं व्याज तुम्ही सोडताय. घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं कापून घ्यायची इथे पद्धत आहे, ते ४० हजार वेगळे. अकरा महिन्यांचा करार संपत आलाय ना? मग भाड्यावर घासाघीस करण्यापेक्षा अनामतीवर बोला. हल्ली पुष्कळ घरमालक पाच-सहा महिन्यांवर तयार होतात. केंद्राच्या २०२१च्या नमुना भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कुणावर बंधनकारक नाही, तेव्हा हक्क म्हणून भांडू नका, दाखला म्हणून नम्रपणे सांगा. वर्षभर वेळेवर भाडं भरलेला भाडेकरू कुणालाही हवा असतो. अनामतीतले दोन लाख परत आले तर ते त्याच दिवशी ‘सहा महिन्यांचा खर्च’ या ठेवीत टाका. कुठल्याही काटकसरीने वर्षात एवढं जमणार नाही.

रंगकामाचं कलमही शब्दांत लिहून घ्या: किती कापणार, किती वर्षं राहिल्यावर कापणार, आणि घरात शिरताना भिंती कशा होत्या त्याचे फोटो. आणि दोन हजारांनी भाडं कमी मिळतंय म्हणून घर बदलायचा विचार मनात आला तर आधी मांडणी कर. रंगाचे ४० हजार, दलालाचे नव्या घराच्या एक महिन्याच्या भाड्याएवढे ३८ हजार, टेम्पो आणि हमाली वेगळी, म्हणजे लाखाच्या घरात खर्च. वर्षाला २४ हजार वाचवून तो भरून यायला चार वर्षं लागतील.

विजेचं मात्र लगेच बघ, त्यासाठी पाडव्याची वाट पाहू नकोस. फुकट विजेची गृहज्योती योजना २०२३पासून चालू आहे आणि ती भाडेकरूंनाही मिळते. आधार आणि बिलावरचा आरआर नंबर सरकारच्या सेवासिंधू पोर्टलवर जोडायचा. तुमच्या आधीच्या भाडेकरूचा आधार अजून त्या मीटरला जोडलेला असेल तर आधी तो सोडवून घ्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी अडतं ते इथेच. फुकट युनिट किती मिळतील हे मीटरच्या मागच्या सरासरी वापरावर ठरतं, सरसकट २०० नव्हे. त्या पात्रतेपेक्षा थोडं जास्त वापरलं तर वरच्या युनिटांचे पैसे पडतात. पण महिन्याचा वापर २००च्या पुढे गेला की सगळं बिल भरावं लागतं. या वर्षीच्या ५ रुपये ८० पैसे दराने २०१ युनिटांचे जवळजवळ ११६६ रुपये होतात, स्थिर आकार आणि अधिभार वेगळे. म्हणजे त्या एका युनिटापायी सगळी सवलत जाते. म्हणून महिन्याच्या विसाव्या दिवशी मीटरवरचा आकडा बघायचा, एवढं एकच काम जावईबापूंकडे दे. बेंगळुरूच्या हवेत पंख्यावर भागतं, एसी लागत नाही. घरातली वीज खातो तो गीझर. दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. तासभर चालला की दोन.

पाण्याचं थोडक्यात. कावेरीचं पाणी शंभर-एक किलोमीटरवरून पंप करून या शहरात चढवावं लागतं. त्या योजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाला, तरी तुमच्या भागातल्या कित्येक इमारती अजून टँकरवर आहेत आणि त्याचा पैसा देखभाल खर्चातून तुमच्याकडूनच जातो. मार्च २०२४च्या टंचाईत जलमंडळाने अपार्टमेंटमध्ये नळाच्या तोंडाला एरेटर लावायची सक्ती केली होती. तुमच्या घरात आहेत का ते बघ. नसतील तर लावून घे, किंमत अगदी किरकोळ असते. आणि सोसायटीच्या सभेला जा. भाडेकरूंना तिथे काय काम, असं म्हणू नकोस. टँकरचं बिल तुम्ही भरता.

बाहेरचं खाणं बंद करू नका, असं मी म्हणते तेव्हा तुझी आई रागावेल. पण ज्या शहरात दर्शिनीत उभ्याने गरम इडली मिळते तिथे अशी शपथ टिकायची नाही, आणि मोडली की तिच्याबरोबर सगळी यादी मोडते. पैसा जातो तो रात्री साडेनऊला, दोघंही दमून आल्यावर, घरात काही नसताना मागवलेल्या जेवणात. तेव्हा ध्येय असं लिही: घरात रात्रीसाठी काहीतरी नेहमी तयार असेल. ज्वारीच्या भाकऱ्या उत्तर कर्नाटकातल्या बायका इथे थापून विकतात, कडक भाकरी आठवडाभर टिकते. शेंगदाण्याची चटणी करून ठेव, आमटीला डाळ शिजवून फ्रीजमध्ये ठेव. भाजी शनिवारी हॉपकॉम्समधून आणा. शेतकऱ्यांची ही सहकारी संस्था १९५९पासून या शहरात आहे आणि दर पाटीवर लिहिलेले असतात. दहा मिनिटांचं अॅप काढून टाकायची गरज नाही. त्यावर लिंबू मागवायला जाऊन चारशेचं सामान येतं, कारण ठरावीक रकमेखाली घरपोच आणायचे पैसे पडतात. तेव्हा फळ्यावर यादी करत जा आणि बुधवारी एकदाच मागव. एवढ्याने निम्मा तरी फरक पडेल असं मला वाटतं, पण तुझी वही काय म्हणते ते खरं.

येण्याजाण्याचं तुम्हीच ठरवा. मेट्रोचं जास्तीत जास्त भाडं फेब्रुवारीत ६० वरून ९० झालं, आणि तुमच्या रस्त्यावरची मेट्रो अजून सुरू व्हायची आहे. आधारवर पत्ता इथला करून घेतलास तर बायकांसाठीच्या शक्ती योजनेत साध्या बसचा प्रवास तुला फुकट आहे. त्यात संकोच कसला? कर तुम्हीही भरता. रोज नको, आठवड्यातून दोन दिवस बसने गेलीस तरी कॅबचे तेवढे पैसे वाचतील, फक्त ते त्याच संध्याकाळी ठेवीत टाक.

तुझ्या यादीतल्या शेवटच्या ओळीने मला वाईट वाटलं. कामाला येणाऱ्या अक्कांना एक वेळ कमी करून महिन्याला दीड हजार वाचवायचे, असं लिहिलंयस. तेवढी ओळ खोडून टाक. तुमच्या घरात दीड हजार कमीजास्त झाले तर कळणारही नाही, तिच्या घरात ते मुलाच्या शाळेची फी असते. काटकसर आपल्या ताटातून करायची असते. उलट पाडव्याला तिचा पगार वाढव. इथे त्या दिवशी तिची उगादी असते, घरातलं पहिलं अंदाजपत्रक तिच्या वाढीने सुरू होऊ दे.

आणखी एका ठिकाणी हात आखडू नका. दोघांनाही कंपनीचा आरोग्य विमा आहे म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. नोकरी गेली की त्याच दिवशी तो विमाही जातो, आणि तुमच्या क्षेत्रात नोकऱ्या कशा जातात हे तुम्ही शेजारच्या टेबलांवर पाहिलं आहे. स्वतःचा वेगळा विमा काढा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबरपासून गेला आहे. नोकरी अशी जाऊ शकते म्हणूनच सहा महिन्यांच्या खर्चाची ठेव आधी, पीपीएफ आणि बाकीचं नंतर. पीपीएफवर सध्या ७.१ टक्के मिळतात, पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीवर ६.७. दरमहा १० हजार टाकले तर पाच वर्षांत भरलेल्या सहा लाखांचे सात लाख १३ हजारांच्या आसपास होतात. ऑफिसात कुणी याहून फार मोठा परतावा सांगेल. या शहरात २०१९मध्ये आय मॉनेटरी अॅडव्हायजरी ही गुंतवणूक कंपनी बुडाली तेव्हा हजारो कुटुंबांची लग्नाची, हजची, म्हातारपणाची पुंजी गेली. जानेवारी २०२०मध्ये बसवनगुडीतल्या एका सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि जास्त व्याजासाठी आयुष्याची पुंजी तिथे ठेवलेल्या निवृत्त माणसांना सुरुवातीला ३५ हजारांपलीकडे काढता येईना. एका बँकेत एका माणसाच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे, व्याज धरून. त्यापुढची रक्कम दुसरीकडे ठेवायची, हे कायमचं लक्षात असू दे.

वही लिहायला गुरुवारपासून सुरुवात करा. चुकला दिवस तर दुसऱ्या दिवशी लिही, सोडून देऊ नकोस. पाडव्याला दोघं इकडे जेवायला या, वही घेऊन या. जेवणानंतर तिघं बसू आणि पाच लाखांचा आकडा ठेवायचा की बदलायचा ते तेव्हा बघू. मला वाटतं अनामतीचं जमलं तर तो वाढेल.

तोवर विजेच्या शेवटच्या बिलाचा फोटो मला पाठव. आधीच्या भाडेकरूचा आधार जोडलेला आहे का ते बेस्कॉम या वीज कंपनीच्या कार्यालयात विचारावं लागेल, आणि सोमवारी मला तिकडे जायचंच आहे. कराराची प्रतही पाठव, रंगकामाचं कलम काय लिहिलंय ते वाचून सांगते.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी
आत्या