एकदांच वापरावयाची छातीची दुर्बीण
घरची बांबूची फुंकणी आंतून धुऊन पाहा. मळ कोठें राहिला तें दिसत नाहीं. श्वासनलिकेंत घालावयाच्या लवचिक दुर्बिणीचें असेंच आहे. तिच्यांतील कफ ओढण्याची अरुंद वाट नीट स्वच्छ झाली नाहीं, तर एकाचे क्षयजंतु दुसऱ्याच्या छातींत उतरूं शकतात. २००९ पासून एकदांच वापरावयाची दुर्बीण मिळूं लागली. संसर्गाचें भय अधिक असेल तेथें तिचा विचार करावा, असें अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २०२१ सालीं सुचविलें. आम्हांस धास्ती आहे ती आपल्या काटकसरीची. भामरागडाहून चंद्रपुरास आणलेल्या रोग्याचे नातलग महाग वस्तु फेकलेली पाहून हळहळतील, ‘धुऊन ठेवा’ म्हणतील. परंतु धुऊन पुन्हां वापरावी अशी तिची घडणच नाहीं. बंद पाकीट आपल्या रोग्यासाठींच फोडलें ना, एवढें मात्र त्यांनीं अवश्य विचारावें.