लेकरू सांभाळणारी बाई : घरातील नियम आणि कामाच्या मर्यादा

अर्जुनी मोरगाव हे गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे ठिकाण. भोवती धानाची शेती, एका बाजूस नवेगावबांधचा जलाशय, दुसऱ्या बाजूस इटियाडोह धरणाचा परिसर. तालुक्याच्या इतर कोणत्याही ठिकाणाप्रमाणे येथेही शिक्षक, परिचारिका, बँकेतील व पंचायत समितीतील कर्मचारी अशी पगारदार कुटुंबे बाहेरगावांहून येऊन राहतात. पती-पत्नी दोघेही नोकरीस जाणारी, आजी-आजोबा मूळ गावी राहिलेले, आणि घरात वर्षा-दोन वर्षांचे मूल, अशी स्थिती असली की जवळपासच्या वस्तीतील एखादी स्त्री मूल सांभाळण्यास ठेवली जाते. तिच्या भरवशावर एक शाळा उघडते, एक रुग्णालय चालते, एका कार्यालयाचा कारभार वेळेवर होतो. परंतु तिच्या स्वतःच्या कामाची वेळ कोणती, सुट्टी कोणती आणि काम कोणते, हे बहुधा कोठेही ठरलेले नसते.

“तुम्ही आमच्या घरच्याच” हे वाक्य अशा वेळी दोन्ही बाजूंना सोयीचे वाटते. त्यात आपुलकी असते, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र घरच्या माणसाला कोणी महिन्याचा हिशेब विचारीत नाही, आणि घरचे माणूसही उशीर झाला म्हणून कुरकुरत नाही. त्यामुळे आपुलकीच्या या शब्दाखाली कामाच्या अटी झाकल्या जातात, आणि पुढे कधीतरी त्या कडवटपणाने उघड्या पडतात. बाई एके दिवशी अचानक येईनाशी होते. मालकीण गावभर तिची तक्रार सांगते. मधल्या मधे ज्या मुलाला तिची सवय झालेली असते, ते कावरेबावरे होते. नियम आणि मर्यादा ठरविण्याची गरज आहे ती प्रथम या मुलासाठी.

घर हेही कामाचे ठिकाण

घराच्या चार भिंतींत होणारे श्रम हे काम नव्हे, ही समजूत जुनी आहे. ती टप्प्याटप्प्याने मोडत आली. गोंदिया-भंडारा भागाला याचे एक उदाहरण परिचयाचे आहे. येथील असंख्य स्त्रियांनी घरी बसून विड्या वळल्या. १९६६ च्या विडी व सिगार कामगारांविषयीच्या केंद्रीय कायद्याने घरी विडी वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले. पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. ज्या कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आईबरोबर येत, तेथे एका स्त्रीस केवळ ती मुले सांभाळण्यासाठी नेमावे आणि तिला मजुरी द्यावी, अशी तरतूद त्यात होती. माती खोदणे आणि मूल सांभाळणे ही दोन्ही कामे एकाच हजेरीपटावर आली, ही गोष्ट लहान नव्हती.

शहरी भागात हा प्रश्न स्त्रियांनी स्वतः पुढे आणला. १९८० मध्ये पुण्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगाराइतकाच हक्काच्या रजेचा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटत होता. महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०११ मध्ये घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. कामाच्या अटी कामगाराला समजतील अशा रीतीने आधी सांगाव्यात आणि आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती द्यावी, असे हा करार म्हणतो. भारताने त्यास अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याच्या आवश्यकतेचा विचार करण्याकरिता समिती नेमावी, असा निर्देश केंद्र शासनास दिला. कायद्याची वाटचाल अशी सावकाश चालली असली, तरी घरातील समंजस ठराव करण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

कामाची कक्षा

मूल सांभाळणे म्हणजे नेमके काय, हे आधी ठरले पाहिजे. मुलाला भरविणे, न्हाऊ घालणे, निजविणे, त्याचे कपडे धुणे, त्याची भांडी घासणे ही कामे त्यात स्वाभाविकपणे येतात. पण मूल झोपल्यावर घरातील सर्वांची भांडी घासावी, पाहुणे आले की स्वयंपाक करावा, धान्य निवडून द्यावे, अशी कामे हळूहळू मिसळत जातात. प्रत्येक काम सुटे पाहिले तर किरकोळ असते. सगळी मिळून दुसरी नोकरी होते. शिवाय पोळ्या लाटणाऱ्या बाईचे लक्ष रांगत्या मुलावर राहत नाही. विहीर, पाण्याची टाकी, चूल आणि विजेची बटणे ज्या घरात आहेत, तेथे हा धोका प्रत्यक्ष आहे. म्हणून अधिक काम हवे असल्यास ते बोलून ठरवावे, त्याचे वेगळे पैसे द्यावेत आणि मूल जागे असताना ते सांगू नये.

वेळेचेही तसेच. सभा लांबली, बस चुकली, ही कारणे खरी असतात. परंतु बाईच्या घरीही तिची मुले वाट पाहत असतात. परतण्याची वेळ ठरलेली असावी आणि ती टळल्यास तासाप्रमाणे मोबदला द्यावा.

वेतन, सुट्टी आणि हंगाम

या तालुक्यातील मतभेदाचे सर्वांत मोठे कारण ऋतुमानाशी निगडित आहे. विदर्भातील शाळा उन्हाळ्यानंतर जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात. शिक्षक कुटुंब सुट्टीत गावी जाते आणि त्या काळात बाईला बोलावणे नसते. सुट्टीचा पगार शिक्षकाला मिळतो; त्याच सुट्टीमुळे बाईची मात्र दीड-दोन महिन्यांची कमाई बुडते. ती मे महिन्यात तेंदूपाने तोडण्यास जाते, आणि पुढे शाळा उघडताच रोवणी सुरू होते. रोवणीच्या दिवसांत शेतावर मजुरांची निकड असते, स्वतःची बांधी असेल तर तिला तेथे जावेच लागते. नेमक्या याच वेळी मॅडमची शाळा सुरू झालेली असते. मग एकीला दुसरी बेजबाबदार वाटते आणि दुसरीला पहिली निर्दय वाटते. वास्तविक दोघीही आपापल्या पंचांगाप्रमाणे वागत असतात.

यावर उपाय आहे. वर्षाच्या आरंभीच दोन्ही पंचांगे समोर ठेवावीत. उन्हाळी सुट्टीत पूर्ण किंवा ठरलेल्या प्रमाणात वेतन चालू ठेवावे. त्याच्या मोबदल्यात रोवणीतील गैरहजेरीचे दिवस आधी निश्चित व्हावेत, आणि त्या दिवसांपुरती पर्यायी व्यवस्था मालकिणीने करून ठेवावी. आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा, दिवाळीचा बोनस आणि दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईसाठी एखादा दिवस, हेही त्याच वेळी ठरून जाते. आपल्या गावच्या मंडईला घरी राहण्याची इच्छा मालकिणीला असते, तशीच बाईलाही असते.

वेतन ठरलेल्या तारखेस आणि पूर्ण द्यावे. उचल दिल्यास ती किती हप्त्यांत फेडावयाची ते वहीत लिहून दोघींनी सही किंवा अंगठा करावा. उचल फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही, अशी अट घालणे मात्र अयोग्य आणि बेकायदेशीर आहे. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ पासून अस्तित्वात आहे.

मुलाविषयीचे नियम

काही नियम ठरविण्याचा अधिकार आई-वडिलांचाच आहे, आणि ते त्यांनी संकोच न करता सांगावेत. मुलाला कोणते औषध कोणी सांगितल्यावर द्यावे, काय खाऊ घालू नये, घराबाहेर कोठवर न्यावे, कोणाच्या हाती सोपवू नये, मोबाईल द्यावा की नाही, त्याची छायाचित्रे कोणाला पाठवू नयेत, या बाबी त्यात येतात. मुलाला मारणे किंवा अंधाराची, बागुलबुवाची भीती घालणे निषिद्ध असावे. ताप आला किंवा मूल पडले तर ती गोष्ट लपविण्याची वेळ बाईवर येऊ नये. खरे सांगितल्याबद्दल रागावणारी मालकीण पुढच्या वेळी अंधारात राहते. आई-वडिलांचे दूरध्वनी क्रमांक आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक भिंतीवर ठळक लिहून लावावा.

मुलाचे बाईवर प्रेम जडते, त्याचाही विचार हवा. त्याचा हेवा करणे किंवा तिला मुलादेखत टाकून बोलणे, या दोन्हींनी मुलाचे नुकसान होते. काम सुटणार असेल तर महिनाभर आधी सांगण्याचा नियम दोघींनाही लागू असावा, म्हणजे मुलाला बदलाची सवय करता येते.

सन्मान आणि सुरक्षितता

बाईसाठी वेगळा कप, जमिनीवर वेगळी जागा, ही जातिभेदाची रूपे आजही सुशिक्षित घरांत दिसतात. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. घराचा उंबरठा त्याला अपवाद नाही. वस्तू हरवली की प्रथम तिची पिशवी तपासणे हाही अपमानच होय. मौल्यवान वस्तू कुलपात ठेवणे आणि घरात कॅमेरा असल्यास तसे आधी सांगणे, ही सरळ रीत आहे.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकामगार स्त्रीलाही संरक्षण देतो. राहते घर हे त्यात कामाचे ठिकाण मानले आहे. तिने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करावयाची असते आणि ग्रामीण भागात ती स्वीकारण्यासाठी तालुक्यात समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास समितीने सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवावयाचे असते.

आणखी एक मर्यादा कोणत्याही ठरावाने ओलांडता येत नाही. चौदा वर्षांखालील मुलीस दुसऱ्याचे मूल सांभाळण्यास ठेवणे हा गुन्हा आहे. घरकामात बालकांना ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती सर्व व्यवसायांना लागू झाली. गरीब नातेवाइकाची मुलगी “शिकायला आणली” म्हणून घरी ठेवायची आणि शाळेच्या वेळी तिच्या कडेवर मूल द्यायचे, हा प्रकार शिक्षकांच्या आणि पंचायत सदस्यांच्या नजरेतून सुटू नये. अशा वेळी १०९८ या क्रमांकावर कळविता येते.

एका पानाचे टिपण

वरील सर्व बाबी एका पानात मावतात. कामाची यादी, वेळ, वेतन व त्याची तारीख, सुट्ट्या, उन्हाळ्याची व रोवणीची व्यवस्था, जादा कामाचा दर, मुलाविषयीचे नियम आणि काम सोडण्याची पूर्वसूचना एवढे मुद्दे पुरेत. बाईला वाचता येत नसेल तर ते तिच्या विश्वासातील माणसासमोर वाचून दाखवावे आणि एक प्रत तिला द्यावी. सहा महिन्यांनी पुन्हा एकदा बसून त्यात बदल करावा.

हे टिपण आणखी एका कामी येते. घरेलू कामगार कल्याण मंडळाकडे १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगाराची नोंदणी होते, आणि त्यासाठी वय व रहिवास यांच्या पुराव्याबरोबर ती कामास असल्याचा मालकाचा दाखला लागतो. अनेक स्त्रियांची नोंदणी या एका सहीसाठी अडते. सही केल्याने काही जबाबदारी अंगावर येईल, ही भीती त्यामागे असते. वस्तुतः तिला कल्याणकारी योजनांचा लाभ मिळावा, एवढाच त्या सहीचा हेतू आहे.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत या नोंदणीची माहिती द्यावी. शिक्षक आणि अधिकारी यांनी तर आरंभ स्वतःच्याच घरापासून करावा. कारण नियुक्तिपत्र, रजेचा अर्ज आणि वेतनाची तारीख यांचे मोल त्यांना स्वानुभवाने ठाऊक आहे. जी शाश्वती शासनाकडून आपल्याला मिळते, तिचा अल्पसा अंश आपले मूल जिच्या हाती सोपविले तिला मिळाला, तर ते मूलही अधिक सुरक्षित राहील.